लेनी ट्रिस्टानो : वादक, शिक्षक आणि कानाची तालीम

प्रश्न असा आहे. हिंदुस्थानी संगीताची काही वर्षे तालीम झालेल्या आणि आता जॅझ पियानोकडे वळलेल्या एका वाचकाला त्याच्या शिक्षकांनी सहा महिने वाद्यावर सोलो (गाण्याच्या चौकटीवर एका वादकाने सुचेल तसे केलेले वादन) बसवण्यास मनाई केली आहे. जुन्या वादकांचे सोलो आधी गळ्यातून गायचे, ते पूर्ण बसले की मगच पियानोवर घ्यायचे, आणि ही लेनी ट्रिस्टानो यांची पद्धत आहे, एवढेच त्याला सांगण्यात आले. हे ट्रिस्टानो कोण, जॅझच्या प्रसिद्ध नावांमध्ये त्यांचे नाव इतके कमी का ऐकू येते आणि या पद्धतीत वेळ घालवण्यात अर्थ आहे का, असे त्याने विचारले आहे. मी पियानो शिकवतो आणि ही पद्धत माझ्या शिकवण्याचा कणा आहे, त्यामुळे माझे उत्तर तटस्थ नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावे.

ट्रिस्टानो यांचा जन्म १९ मार्च १९१९ रोजी शिकागोमध्ये एका इटालियन वंशाच्या कुटुंबात झाला. दृष्टी लहानपणापासूनच अधू होती आणि वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ती पूर्णपणे गेली. जॅक्सनव्हिल येथील अंधशाळेत शिकत असताना त्यांनी पियानोखेरीज सॅक्सोफोन, क्लॅरिनेट आणि चेलो हीही वाद्ये हाताळली. पुढे शिकागोच्या अमेरिकन कॉन्झर्वेटरी ऑफ म्युझिकमधून त्यांनी पाश्चात्त्य संगीताचे पदवी शिक्षण घेतले. अंध असल्यामुळेच त्यांनी कानाला इतके महत्त्व दिले, असे पुष्कळदा लिहिले जाते. मला ते स्पष्टीकरण अपुरे वाटते. ब्रेल लिपीत संगीतलेखन उपलब्ध होते आणि कॉन्झर्वेटरीचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला होता. शिवाय डोळस विद्यार्थ्यांनाही त्यांनी कागद बाजूला ठेवायला लावले, यावरून कानाचा आग्रह ही त्यांची विचारपूर्वक घेतलेली भूमिका होती, हे स्पष्ट होते.

शिकवणे त्यांनी शिकागोतच सुरू केले. तेथील त्यांच्या सुरुवातीच्या शिष्यांमध्ये विशीही न ओलांडलेले सॅक्सोफोनवादक ली कोनिट्झ आणि पुढे संगीतकार म्हणून नावारूपाला आलेले बिल रूसो हे होते. १९४६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि गिटारवादक बिली बाऊअर यांच्यासह पियानो, गिटार आणि बेस अशा त्रयीत वाजवू लागले. ‘मेट्रोनोम’ या त्या काळच्या वजनदार संगीत मासिकाने १९४७ सालचे सर्वोत्तम संगीतकार म्हणून त्यांची निवड केली. त्याच मासिकात त्यांनी बीबॉप या तेव्हा नव्या असलेल्या शैलीवर दोन लेख लिहिले. एकात बीबॉप वाजवणाऱ्यांचे काय चुकते याची चर्चा होती आणि दुसऱ्यात काय योग्य आहे याची. बीबॉपचे अग्रणी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्याबद्दल त्यांना नितांत आदर होता. त्यांची तक्रार पार्कर यांची वळणे उचलून तीच फिरवत बसणाऱ्या नकलाकारांविषयी होती. ही तक्रार लक्षात ठेवावी, कारण थोरांचे सोलो जसेच्या तसे पाठ करायला लावणारा शिक्षक नकलेचा शत्रू कसा असू शकतो, हा विरोधाभास त्यांच्या पद्धतीच्या गाभ्याशी आहे आणि त्याचे उत्तर पुढे येईल.

आधी त्यांच्या वादनात नवीन काय होते ते पाहू. त्या काळातील बहुतेक पियानोवादक उजव्या हाताने सुरावट वाजवत आणि डावा हात मधूनमधून कॉर्डचे, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांचे, तुटक ठोके देई. ट्रिस्टानो यांच्या प्रगल्भ वादनात उजव्या हाताची एकच ओळ लांबच लांब चालत राहते, आठ किंवा सोळा बारांपर्यंतही (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) श्वास न घेता, आणि त्या ओळीत जोर कुठे पडेल याचा अंदाज बांधता येत नाही. चार मात्रांच्या बारवर ते पाच-पाच किंवा सात-सात स्वरांचे गट असे टाकतात की बारची सीमारेषा पुसल्यासारखी होते आणि तरीही खालची लय अढळ राहते. ज्याने तबल्याच्या साथीत खंड किंवा मिश्र जातीची लयकारी ऐकली आहे, त्याला यातील आनंद समजायला वेळ लागणार नाही. फरक एवढाच की येथे समेवर येऊन दाद घेण्याची घाई नसते. स्वरांच्या बाबतीतही तसेच. मूळ गाण्याच्या कॉर्डची चौकट कायम असते, पण ओळ अर्धा सूर बाजूला सरकून बाहेर जाते आणि आपल्याला हवी तेव्हा परत येते.

जॅझच्या इतिहासात त्यांचे नाव सर्वांत आधी नोंदले जावे असा प्रसंग १६ मे १९४९ चा आहे. त्या वर्षी कॅपिटॉल कंपनीसाठी त्यांच्या गटाचे ध्वनिमुद्रण सुरू होते. गटात कोनिट्झ, टेनर सॅक्सोफोनवर वॉर्न मार्श, गिटारवर बाऊअर आणि बेसवर आर्नल्ड फिशकिन होते. त्या दिवशी ठरलेल्या रचना वाजवून झाल्यावर, ड्रमवादकाला बाजूला ठेवून, त्यांनी असे काही वाजवले ज्यात आधी कोणताही राग, कोणतीही चाल, कॉर्डची कोणतीही चौकट किंवा ताल ठरलेला नव्हता. कोण कोणाच्या मागून येणार, एवढेच ठरले होते. ‘इंट्यूइशन’ आणि ‘डायग्रेशन’ या नावांनी ओळखले जाणारे हे दोन तुकडे प्रत्येकी तीनेक मिनिटांचे आहेत. कंपनीला ते प्रसिद्ध करण्याची अजिबात उत्सुकता नव्हती आणि दुसरा तुकडा तर १९५४ मध्ये बाहेर आला. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांचे ‘फ्री जॅझ’ हे ध्वनिमुद्रण डिसेंबर १९६० मधले आहे. मुक्त जॅझची सुरुवात साधारणपणे तिथून मोजली जाते, म्हणजे ट्रिस्टानो सुमारे साडेअकरा वर्षे आधी तिथे पोहोचले होते. मात्र त्यांना त्या मुक्कामावर घर बांधायचे नव्हते. त्यांच्या गटातले सर्वजण एकमेकांचे कान ओळखत होते म्हणून हा प्रयोग शक्य झाला. ‘इंट्यूइशन’ ऐकताना एक वादक दुसऱ्याची शेवटचे तीन स्वर उचलून पुढे नेतो आहे हे स्पष्ट ऐकू येते.

१९५१ मध्ये त्यांनी मॅनहॅटनमधील ३१७ ईस्ट ३२ स्ट्रीट या पत्त्यावर आपली शाळा आणि स्टुडिओ सुरू केला. केवळ जॅझ शिकवण्यासाठी असे स्वतंत्र ठिकाण तेव्हा जवळपास नव्हतेच. तिथे टेपवर प्रयोग करण्याची सोय असल्यामुळे त्यांनी आपल्याच वादनावर दुसरा थर चढवून ध्वनिमुद्रण केले, जे जॅझमध्ये त्या काळी अगदी नवे होते. अटलांटिक कंपनीने १९५६ च्या सुमारास काढलेल्या त्यांच्या नावाच्या अल्बममध्ये या प्रयोगांचे फळ आहे. ‘टर्किश मॅम्बो’ मध्ये पियानोचे वेगवेगळे थर सात, पाच आणि तीन अशा वेगवेगळ्या गटांत चालतात. ‘रिक्विएम’ हा मार्च १९५५ मध्ये वारलेल्या पार्कर यांना वाहिलेला ब्ल्यूज आहे, आणि ट्रिस्टानो यांना रुक्ष म्हणणाऱ्याला मी नेहमी हाच तुकडा ऐकवतो.

याच अल्बममधील ‘लाइन अप’ वरून मोठे वादळ उठले. ‘ऑल ऑफ मी’ या लोकप्रिय गाण्याच्या कॉर्डवर आधारलेल्या या तुकड्यात बेस आणि ड्रमची टेप संथ करून तिच्यावर पियानो वाजवला गेला आणि मग सर्व मूळ वेगाला आणले गेले, असे उघड झाले. टीकाकारांना ती फसवणूक वाटली. हा आरोप मला नेहमीच उथळ वाटत आला आहे. वेग टेपने वाढवता येतो, पण त्या ओळीची रचना आणि तिच्यातील जोरांची मांडणी कोणत्याही यंत्राने तयार होत नाही. तरीही १९६२ मध्ये ‘द न्यू ट्रिस्टानो’ हा एकल पियानोचा अल्बम आला तेव्हा त्याच्या वेष्टनावर, यात कोणताही थर चढवलेला नाही आणि टेपचा वेग बदललेला नाही, असे स्पष्ट छापण्यात आले. त्यातील ‘सी मायनर कॉम्प्लेक्स’ मध्ये डावा हात बेसवादकासारखा प्रत्येक मात्रेवर एक स्वर ठेवत अखंड चालतो आणि उजवा हात त्याच्यावर स्वतंत्र लयीत बोलतो. हे शारीरिकदृष्ट्या किती अवघड आहे, ते पियानोवर चार बार करून पाहिल्याखेरीज कळत नाही.

आता शिकवण्याकडे येतो, कारण माझ्या मते त्यांचे वादन समजून घेण्याचा सर्वांत सरळ रस्ता त्यांच्या वर्गातून जातो. विद्यार्थ्याला सुरुवातीला लेस्टर यंग, रॉय एल्ड्रिज, चार्ली ख्रिश्चन, बिली हॉलिडे, चार्ली पार्कर अशांपैकी एकाची तबकडी दिली जाई. तो सोलो तबकडीबरोबर गाता आला पाहिजे. केवळ स्वर बरोबर येऊन भागत नसे. प्रत्येक स्वर किती मागे ओढला आहे, कुठे दाबला आहे, कुठे हवा सोडली आहे, हे सर्व गळ्यात यायला हवे. अवघड जागा ऐकण्यासाठी तबकडी अर्ध्या वेगाने लावली जाई, म्हणजे स्वर एक सप्तक खाली जाई आणि घासून गेलेला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येई. कागदावर उतरवून घेण्यास परवानगी नव्हती. गाणे पूर्ण झाल्यावरच तो सोलो वाद्यावर यायचा, तोही तबकडीच्या सोबतीने. याखेरीज सर्व बारा स्वरांतून स्वरमालिकांचा सराव, बाखच्या रचना, लयीचे ठोके देणाऱ्या मेट्रोनोम यंत्रावर अतिशय संथ लयीतील काम आणि वाद्यापासून दूर बसून बोटे न हलवता मनातल्या मनात वाजवण्याचा अभ्यास असे.

वर उल्लेखलेल्या विरोधाभासाचे उत्तर येथे आहे. कागदावरून सोलो उचलणाऱ्याच्या हाती पार्कर यांच्या वळणांचा साठा लागतो आणि तो ती वळणे स्वतःच्या वादनात पेरत राहतो. गळ्यातून तो सोलो आत्मसात करणाऱ्याला मात्र त्या वळणामागचा श्वास आणि लयीचा दाब आधी कळतो, आणि स्वर विसरले गेले तरी ती जाण उरते. विद्यार्थ्याने पुढे पार्कर यांच्यासारखे वाजवावे, अशी ट्रिस्टानो यांची अपेक्षाच नव्हती. आपल्याला जे खरोखर ऐकू येते तेवढेच वाजवावे, बोटांना सवय झाली आहे म्हणून वाजू नये, ही त्यांची मागणी होती. कोनिट्झ यांच्याकडे पाहिले की हे पटते. १९४० च्या दशकाच्या शेवटी पार्कर यांच्या प्रभावाखाली न आलेला आल्टो सॅक्सोफोनवादक शोधून सापडत नसे, आणि पार्कर यांचे सोलो पाठ केलेले कोनिट्झ त्यांच्यासारखे अजिबात वाजवत नव्हते. म्हणूनच ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी १९४९ च्या आपल्या नऊ जणांच्या प्रसिद्ध गटात त्यांना घेतले.

शिकवण्याची ओढ किती होती, याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. १९५९ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबमध्ये ट्रिस्टानो यांच्या गटाचा कार्यक्रम सुरू होता. मंगळवारी रात्री ते शिकवत असत, म्हणून त्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा पियानोवादक बसे, आणि तो होता बिल एव्हान्स. त्या रात्रींचे ध्वनिमुद्रण झाले. त्यातील वॉर्न मार्श यांचे सोलो तेवढे कापून ट्रिस्टानो यांनी अभ्यासासाठी वेगळी टेप तयार केली. एव्हान्स यांच्या ओळींच्या बांधणीवर ट्रिस्टानो यांची छाप होती आणि त्यांनी ते मोकळेपणाने मान्यही केले आहे. म्हणजे प्रभाव असा पसरत होता की मूळ माणूस वर्गात आणि त्याचा प्रभाव रंगमंचावर.

मग नाव मागे का पडले? एक कारण उघड आहे : ते फार कमी वाजवत आणि त्याहूनही कमी प्रसिद्ध करत. १९६५ मध्ये युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले आणि १९६८ नंतर ते जाहीर कार्यक्रमात दिसले नाहीत. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी न्यूयॉर्कमधील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते घरीच शिकवत होते. दुसरे कारण टीकेचे. त्यांचे संगीत थंड आणि डोक्याने केलेले आहे, हा शिक्का १९५० च्या दशकात बसला आणि पुढच्या लेखकांनी तो न तपासता पुढे चालवला. या शिक्क्यात थोडे तथ्य आहे. बेस आणि ड्रमवादकांनी सरळ, सपाट लय धरावी असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे आर्ट ब्लेकी किंवा मॅक्स रोच यांच्या ड्रममधून येणारी देवाणघेवाण त्यांच्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांत नाही. त्यांची बाजू अशी की वरची ओळ इतकी अस्थिर असताना खाली स्थिर जमीन हवी. तो युक्तिवाद मला समजतो, पण संपूर्ण पटत नाही. १९५१ मध्ये ड्रमवादक रॉय हेन्स त्यांच्यासोबत वाजवताना आणि १९५५ मध्ये आर्ट टेलर ड्रम वाजवताना संगीत बिघडलेले नाही, उलट खुलले आहे.

वंशाचा प्रश्नही टाळता येणार नाही. त्यांच्याभोवतीचे मंडळ बहुतांशी गोऱ्या वादकांचे होते आणि त्यांची शैली म्हणजे कृष्णवर्णीयांच्या जॅझला दिलेला बौद्धिक पर्याय, अशी मांडणी काहींनी केली. त्यांनी विद्यार्थ्यांसमोर ठेवलेली नावे पाहिली तर ही मांडणी टिकत नाही. लेस्टर यंग, बिली हॉलिडे, रॉय एल्ड्रिज, पार्कर, बड पॉवेल, आर्ट टेटम हेच त्यांचे प्रमाणग्रंथ होते. बेसवादक चार्ल्स मिंगस हेही काही काळ त्यांच्याकडे शिकले आणि गायिका शीला जॉर्डन यांनीही त्यांच्याकडे धडे घेतले.

शिष्यांवरील त्यांची पकड हा मात्र खरा दोष होता, असे मला वाटते. काही शिष्य वर्षानुवर्षे त्यांच्यापासून दूर जाऊ शकले नाहीत आणि काहींनी व्यावसायिक वादन जवळजवळ टाळले, कारण बाजारातील संगीत गुरूच्या मापात बसत नव्हते. कोनिट्झ यांनी १९५२ मध्ये स्टॅन केंटन यांच्या मोठ्या वाद्यवृंदात काम स्वीकारले आणि स्वतःची वाट धरली; २०२० मध्ये निधन होईपर्यंत ते वाजवत राहिले. मार्श यांचे १९८७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वाजवत असतानाच निधन झाले, आणि त्यांच्या योग्यतेच्या मानाने फार कमी लोकांना ते ठाऊक होते. सॅल मॉस्का आणि कॉनी क्रॉथर्स या पियानोवादकांनी ती पद्धत पुढच्या पिढीला शिकवली. आपल्याकडच्या घराण्यांचा इतिहास माहीत असणाऱ्याला या सर्व गोष्टी ओळखीच्या वाटतील, त्यांतील सोसणे धरून. आज अँथनी ब्रॅक्स्टन यांच्यासारखे प्रयोगशील संगीतकार आणि मार्क टर्नर यांच्यासारखे सॅक्सोफोनवादक ट्रिस्टानो आणि मार्श यांचे ऋण मान्य करतात. रॉक गिटारवादक जो सॅट्रिआनी हेही तरुणपणी काही काळ त्यांचे विद्यार्थी होते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर : हो, वेळ घालवावा, परंतु हिंदुस्थानी तालमीतून आलेल्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली सा विषयी. प्रत्येक कॉर्डबरोबर सा हलवून सरगम म्हणू नये. सा हा गाण्याच्या मूळ स्वरावर धरावा आणि कॉर्ड बदलल्यावर त्याच स्वरांचा अर्थ कसा बदलतो ते ऐकावे. गाणे मध्येच दुसऱ्या पट्टीत गेले, उदाहरणार्थ ‘ऑल द थिंग्ज यू आर’ मध्ये ते वारंवार होते, तर तिथे सरगम सोडून नुसत्या आकाराने गावे. दुसरी गोष्ट अशी की सोलो गाण्याआधी त्या गाण्यातील बेसचे स्वर, म्हणजे प्रत्येक कॉर्डचा पाया, चालीबरोबर गाता आला पाहिजे. तानपुऱ्याच्या स्थिर षड्जावर वाढलेल्या कानाला खालची जमीन हलते आहे याची सवय नसते. ही पायरी वगळली तर सोलो पाठ होतो, पण तो कशावर उभा आहे ते कळत नाही, आणि मग स्वतःचे काही सुचत नाही.

सुरुवात पार्कर यांच्यापासून करू नये. लेस्टर यंग यांनी १९३६ मध्ये ‘लेडी बी गुड’ मध्ये घेतलेला सोलो घ्यावा. तो चौसष्ट बारांचा आहे, वेग आवाक्यातला आहे आणि त्यात एकही स्वर भरीचा नाही. आठ बार घ्यावेत आणि ते यंग यांच्या स्वराच्या वजनासह येईपर्यंत पुढे जाऊ नये. आता संगणकावर स्वराची उंची खाली न आणता वेग कमी करता येतो. ती सोय जरूर वापरावी, पण शेवटी मूळ वेगाला तबकडीबरोबर गाता आलेच पाहिजे. पियानोवर घेताना फक्त उजवा हात वापरावा आणि सोयीची बोटे शोधण्याऐवजी गळ्यात जसा जोर होता तसा देणारी बोटे शोधावीत. तो सोलो आणखी दोन-तीन पट्ट्यांत वाजवता आला की त्याला सोडून द्यावे आणि त्याच कॉर्डवर काहीही न ठरवता, अत्यंत संथ लयीत, फक्त जे आतून ऐकू येईल तेवढेच वाजवावे. बराच काळ फारच थोडे ऐकू येईल. त्या काळात हात रिकामा ठेवण्याची तयारी हवी; ती नसेल तर शिक्षकांनी घातलेली सहा महिन्यांची मनाई वाढवून घ्यावी.

ऐकण्यासाठी क्रम विचारलात तर ‘रिक्विएम’ ने सुरुवात करा, मग १९४९ ची ‘वाउ’ आणि ‘क्रॉसकरंट’, त्यानंतर १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चिनी उपाहारगृहात कोनिट्झ यांच्यासह मुद्रित झालेले तुकडे, जे ‘लाइन अप’ च्याच अल्बमवर आहेत. ‘इंट्यूइशन’ त्यानंतर. ‘द न्यू ट्रिस्टानो’ शेवटी ठेवा आणि तो ऐकताना पहिल्या वेळी केवळ डाव्या हाताबरोबर गाण्याचा प्रयत्न करा, उजव्याकडे दुसऱ्या वेळी पाहता येईल.